खालच्या ड्रॉवरमधली ट्यूब

मेडिकलच्या काउंटरमागे पंचवीस वर्षं बसलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, सिरपच्या बाटल्यांवर धूळ साचावी तसे ते आपोआप साचतात. माझ्याकडचे निम्मे किस्से चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत, असं आमच्या घरच्यांचं मत आहे. म्हणून तर तेच आधी सांगते!

धुळ्यात देवपूरला आमचं दुकान. फार्मसीचा डिप्लोमा माझा, लायसन्स माझ्या नावावर, पण पुढच्या खुर्चीवर बसतात ते आमचे हे. मी आतल्या खोलीत, स्टॉक बघत. वरच्या मजल्यावर बायकांच्या डॉक्टर मॅडमचं क्लिनिक आहे. तिथून उतरलेली बाई चिठ्ठीच्या चार घड्या घालून आमच्याकडे देते. हे घड्या उलगडतात, औषधाचं नाव वाचतात आणि औषध 'तसलं' असलं की मान वर न करता आत तोंड करून हाक मारतात, "अगं ए, बाहेर ये. लेडीज मॅटर आहे." चिठ्ठी कुणाची, समोर कोण उभं आहे, काही बघायचं नाही. त्यांच्या हिशेबी हा सभ्यपणा!

पाळी कायमची गेल्यावर योनीमार्ग कोरडा पडतो, त्यावरची ट्यूब म्हणजे लेडीज मॅटर. तिची जागा सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये, डायपरच्या मागे. द्यायची तीही वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून. आणि पुरुषांच्या ताकदीची पावडर? ती काउंटरवर, अगदी समोर, उधळलेल्या घोड्याच्या चित्रासकट. मी एकदा विचारलं, ही इथे कशाला? तर म्हणे, "गिऱ्हाइकाला दिसायला नको का?"

*

अमळनेरच्या एक रिटायर्ड बाई. हायस्कूलला विज्ञान शिकवायच्या. अमळनेरात मेडिकलची दुकानं काय कमी आहेत? पण प्रत्येक काउंटरमागे बाईंचा एक तरी विद्यार्थी. म्हणून बाई एसटी पकडून धुळ्याला आल्या. पदर सावरून तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी शुगरच्या गोळ्या घेत असलेले गृहस्थ वळले आणि त्यांच्या पायाच पडले! तेही बाईंचेच विद्यार्थी. बाईंना काय हवंय ते मीच घेऊन देणार म्हणून हटून बसले. बाई खोकल्याचं औषध घेऊन अमळनेरला परत गेल्या. खोकला नसताना.

आठ दिवसांनी पुन्हा आल्या तेव्हा हे जेवायला गेले होते. मी बाईंना आत स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पाळी गेली की अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, म्हणून आग, खाज आणि जवळ येताना दुखणं. संबंधाच्या वेळी लावायचं पाण्यात विरघळणारं जेल चिठ्ठीशिवाय मिळतं. दोन-तीन दिवसांआड लावायचं मॉइश्चरायझर वेगळं. एवढ्यानं भागलं नाही तर इस्ट्रोजेनची क्रीम, पण ती डॉक्टरांना विचारून, आणि स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ते त्यांना आधी सांगून.

बाई बराच वेळ हातातल्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "दहावीला हा धडा होता हो. मी तो 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडून द्यायचे."

*

जिजाबाई साक्रीकडच्या खेड्यातली. शेतात काम करणारी, खणखणीत आवाजाची बाई, पण आमच्या काउंटरशी आली की कुजबुजायची. दर पंधरा दिवसांनी जंतुनाशकाची बाटली न्यायची. मला वाटायचं घरात कुणाला जखम असेल. एकदा मी विचारलं, तर कळलं की शेजारणीनं सांगितलं होतं, तिथली आग म्हणजे अस्वच्छपणा. म्हणून ही बाई रोज दोन वेळा ते पाण्यात घालून तिथे धूत होती! आधीच सोललेल्यासारखी झालेली त्वचा, त्यावर हे.

"आग व्हस माय," ती म्हणाली. "बसता बी येत नही. कोनले सांगू?"

मी तिला हाताला धरून वर नेलं. मॅडमनी आधी ते धुणं बंद केलं, साबण बंद केला आणि क्रीम सुरू केली. दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. दीड-दोन महिन्यांनी जिजाबाई भरताची वांगी घेऊन आली आणि धाडकन घोड्याच्या पावडरीशेजारी ठेवली.

"आते बरं वाटी राहिनं," ती म्हणाली. या वेळी कुजबुजली नाही. "पन दोन वरीस वाया गयात मना."

ती वांगी उचलताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण वाया जाणारी दोन वर्षं माझीही होती, आणि मला तर ड्रॉवर उघडायला फक्त वाकायचं होतं.

आता लपवत नाही. पन्नाशीला माझी पाळी गेली आणि मागोमाग हा त्रास सुरू झाला. हे जवळ आले की मी डोकं दुखतंय म्हणायचे. आधी त्यांनी जवळ येणं सोडलं, मग बोलणं सोडलं. सकाळचा चहासुद्धा मोबाइलशी प्यायला लागले. एक दिवस जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "तुला आता मी नकोसा झालोय ना?" मी भाकरी मोडत राहिले. नकोसे झाले नव्हते हो, दुखत होतं! एवढे दोन शब्द मी रोज दहा बायकांच्या वतीनं मॅडमना सांगते, स्वतःच्या वतीनं नवऱ्याला सांगता येईनात. संसार असा मोडत नाही म्हणतात. मोडत नसेल, पण गार पडतो, आणि तो पडताना मी बघत होते.

*

जळगावची माझी नणंद मंदाताई. वर्षभरात पाचदा लघवीची जळजळ, पाचदा अँटिबायोटिकचा कोर्स आणि दरवेळी एकच सल्ला, पाणी भरपूर प्या. पंचावन्न वर्षांच्या बाईला पाळी कधी थांबली, खाली कोरडं पडतं का, एवढं एकाही डॉक्टरला विचारावंसं वाटलं नाही! कोरडेपणामुळे अशी जळजळ पुन्हा पुन्हा होऊ शकते. पण विचारायचं तर तोंड उघडावं लागतं ना.

तिच्या लेकीच्या लग्नाच्या बांगड्या घ्यायला मी जळगावला गेले होते. सराफाकडे ताई अर्धा दिवस बसली. एकेका बांगडीचा टाका भिंग मागून तपासला. मधल्या वेळात चारदा बाथरूमला जाऊन आली. सोन्याला भिंग आणि स्वतःला पाण्याची बाटली! परतताना रिक्षात मी तिला सगळं सांगितलं, रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी कानाशी तोंड नेऊन.

"वहिनी, तुला गं एवढं कसं माहीत?" तिनं विचारलं.

"दुकान आहे ना आपलं," मी म्हटलं.

*

अलीकडचे नाना तर कळसच. पांढरीशुभ्र टोपी, कडक इस्त्री, मोठे बागाइतदार. बायकोला घेऊन वर मॅडमकडे आले, पण घरच्या बाईचं नाव असल्या कागदावर नको म्हणून केसपेपर काढला स्वतःच्या नावानं! आणि बायकोला बाहेरच्या बाकावर बसवून आत गेले एकटेच. मॅडमनी केसपेपर वाचला. वय सहासष्ट, पुरुष, तक्रार योनीमार्गाला आग होणे.

"त्रास कुणाला होतो?" मॅडमनी विचारलं.

नाना म्हणाले, तिलाच होतो, पण तिला काय विचारायचं, मी सांगतो ना सगळं.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "मग व्हा टेबलावर आडवे."

नाना दोन मिनिटांत बाहेर आणि काकू आत. क्लिनिकच्या सिस्टर हे सांगताना हसून हसून भिंतीला टेकल्या. मीही हसले, पण पुढचं ऐकून हसू जिरलं. काकूंची पाळी जाऊन आठ वर्षं झालेली आणि सहा महिन्यांपासून रक्ताचे डाग पडत होते. ते नानांना माहीतच नव्हतं, कारण सगळं सांगणाऱ्या माणसानं कधी काही विचारलं नव्हतं. सगळ्या तपासण्या झाल्या. डाग कोरडेपणाचेच निघाले, नशीब काकूंचं. पण पाळी गेल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी आधी तपासणी, सभ्यपणा नंतर. हे मी आता दुकानात मोठ्यानं सांगते. ज्याला लाज वाटते त्यानं कानात बोटं घालावीत.

रिपोर्ट आल्यावर काकू चिठ्ठी घेऊन खाली आल्या. मी ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली, तर म्हणाल्या, "राहू दे. आता कोणापासून लपवायचं?" आणि नानांच्या देखत हातात धरून घेऊन गेल्या.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या जिन्यानं वर गेले. मॅडमना वाटलं, कुठल्या औषधाचं विचारायला आले असेन. मी म्हटलं, आज पेशंट म्हणून आलेय.

किती दिवसांपासून, त्यांनी विचारलं. दोन वर्षं, मी म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. जिजाबाईकडे मी जसं बघितलं होतं, अगदी तसं. मग तपासलं, क्रीम लिहून दिली आणि म्हणाल्या, "घरी सांगितलंत?"

"नाही."

"मग ही चिठ्ठी त्यांच्याच हातात द्या."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी आमच्या दुकानात पुढून आले. काउंटरशी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यामागे नंबर लावला. चिठ्ठीच्या चार घड्या कधी घातल्या माझं मलाच कळलं नाही. माझा नंबर आला तशी ती पुढे सरकवली.

ह्यांनी घड्या उलगडल्या. औषधाचं नाव वाचलं. मान वर केली नाही. आतल्या रिकाम्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, बाहेर ये. लेडीज मॅटर आहे."

मी काउंटरच्या अलीकडून म्हटलं, "आलेय."