ओलसर वाळूचा हिशेब

ताई ठेकेदाराच्या कार्यालयात बांधकाम साहित्याचे अंदाज काढत असे. म्हणून धाकट्या भावाच्या घरासाठी लागणाऱ्या वाळूचा हिशेबही तिनेच केला होता. पण शेवटच्या भिंतीचा गिलावा बाकी असतानाच वाळू संपत आली आणि भाऊ गाडीवाल्यावर उखडला.

"काका, निम्मी वाळू वाटेत सांडलीत का? उद्यापासून दुसरी गाडी बघतो."

"काठोकाठ भरलेली होती. ताईंनी स्वतः टेप लावला होता."

हे खरे होते, आणि तेच ताईला खटकत होते. तिने उरलेली ओलसर वाळू बादलीत काठापर्यंत भरली आणि काठीने ढवळत पाणी ओतले. वाळू चांगली चार बोटे खाली बसली.

"अरे, ओलसर वाळू फुगलेली असते, म्हणून भरल्या गाडीतही ती कमीच मावते. मी हिशेब कोरड्या वाळूचा धरला. चूक माझी आहे, काकांची नाही."

"ऑफिसातही असंच करतेस?"

"तिथे नीट धरते. घरचं काम म्हणून घाईत उरकलं."

गाडीवाला हसला. भाऊ मात्र ओशाळला. "काका, उद्या एक खेप आणाल ना? तुम्हीच आणा."