हातखंब्याचा गाळा

हातखंब्याला एक गाळा घेऊन भाड्याने द्यायचा, हे माझं पन्नाशीतलं वेड. मास्तराने जागांच्या व्यवहारात पडावं हे बायकोला पटत नव्हतं, तरी मी बयाणा देऊन मोकळा झालो. महिन्याच्या आत कर्ज मंजूर झालं नाही तर बयाणाही जाणार होता आणि गाळाही.

बँकेत मी ताठ मानेने गेलो. जन्मात कुणाकडून वाटीभर साखर उसनी आणली नाही. माझा क्रेडिट स्कोअर पहिल्या नंबरातच असणार! कर्ज विभागातल्या मुलीने स्क्रीनकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सर, तुमचा स्कोअर फारच खाली गेलाय. असं कर्ज मिळायचं नाही."

"अहो, पण मी कधी कर्जच काढलेलं नाही!"

"तुम्ही नाही काढलं. पण एका कर्जाला तुम्ही जामीन आहात, आणि त्याचे सहा हप्ते थकलेत."

आमच्या स्टाफरूमची एक रीत आहे. कुणी कर्ज काढलं की फॉर्म चहाबरोबर फिरतो, आणि ज्याचा ऑफ तास असेल तो जामीन म्हणून सही ठोकतो. नाही म्हणणं म्हणजे चहा नाकारण्यासारखंच. ही सही होती आमच्या शाळेतल्या, आता निवृत्त झालेल्या क्लार्कसाठी. त्याने आरे-वारेला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या.

"घरी गॅसच्या पावतीवर सही करायची तर आधी चष्मा शोधता," बायको म्हणाली. "आणि तिथे बरा हात चालला!"

स्कूटरवरून जाताना वाटभर मी भांडणाची तालीम केली. क्लार्क अंगणात गाद्यांना ऊन देत होता. मला पाहून त्याचं तोंड एवढंसं झालं.

"सर, बुडवायचा नाय मी. खोल्याच उठत नायत. तुम्हाला सोडवायचं म्हणून दुसरा जामीन शोधायला अकरा जणांच्या दारात गेलो. सख्ख्या भावानं सही दिलीन नाय." गादी उलटत तो म्हणाला, "तुम्ही मात्र एका शब्दानं काय विचारलं नव्हतं. तेवढा भरवसा माझ्यावर कोणीच टाकला नाय."

पाठ केलेलं भांडण बाजूला ठेवून मी थकबाकीचा आकडा विचारला.

गाळ्यासाठी साठवलेल्या पैशातून मी त्याचे थकलेले हप्ते भरले. स्कोअर काही रातोरात चढत नाही. महिना उलटला, बयाणा बुडाला आणि गाळा एका टायरवाल्याने घेतला. हातखंब्यावरून जाताना अजून जीव चुटपुटतो.

क्लार्क दर महिन्याला थोडे थोडे पैसे आणून देतो. घरात कुणी पाहुणा बसलेला असला की त्याला आवर्जून सांगतो, "सरांना माणसाची पारख हाय." मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावतो. सही केली त्या दिवशी माझं सगळं लक्ष मोबाइलवरच्या मॅचकडे होतं, फॉर्मवर कुणाचं नाव आहे हेसुद्धा मी पाहिलं नव्हतं, हे त्याला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.