युकुलेलेच्या पाठीवरचा रुंद डाग

"ताई, पुन्हा चिकटलं," असं म्हणून वृषालीनं युकुलेले काउंटरवर पालथं ठेवलं.

पाठीवर जुन्या डागाशेजारी नवा तिरका डाग होता. तिथलं पॉलिश मऊ पडलं होतं. बोट टेकवलं तर बोटाचा ठसा उमटत होता. माझं डोकंच फिरलं. कारण वाद्य खांद्याला अडकवायचा हा पट्टा मी निवडला होता, मीच शिवला होता आणि "आता काही होत नाही, माझी गॅरंटी" हे वाक्यही माझंच होतं.

महाडला तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. पेट्या, ढोलक्या, तबले. भजनी मंडळं हे माझं मुख्य गिऱ्हाईक. युकुलेले म्हणजे गिटारचं धाकटं भावंड, नायलॉनच्या चार तारा, कडेवर घ्यावं एवढं. असं वाद्य माझ्याकडे क्वचितच येतं. हे मात्र दुसऱ्यांदा आलं होतं आणि तेही तक्रार घेऊन.

वृषाली पोलादपूरकडच्या एका गावात प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. मागे तिची स्कूटर घाटात घसरली आणि डाव्या मनगटात प्लेट बसली. हाड जुळलं, पण बोटं वळेनात. डॉक्टर म्हणाले, बोटांना रोज काम द्या. गाव म्हणालं, महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडात हात बुडव. तिनं दोन्ही केलं. मग दुबईला नोकरीला असलेल्या भावानं हे युकुलेले पाठवलं. जुनं, कुणी तरी हातानं बनवलेलं. डाव्या बोटांनी तारा दाबायच्या, म्हणजे व्यायामही होतो आणि शाळेतली पोरंही खूश.

अडचण एकच. वाद्य उचलून धरलं की मनगटातून कळ निघायची. पट्टा असला की वजन खांद्यावर जातं आणि बोटं मोकळी राहतात. म्हणजे पट्टा ही शोभेची वस्तू नव्हती. पट्टा नाही तर वाजवणं नाही, आणि वाजवणं नाही तर बोटं पुन्हा आखडणार.

पहिला डाग ऑनलाइन मागवलेल्या पट्ट्यानं पाडला होता. तो रेक्झिनचा होता. आता हे समजून घ्या. रेक्झिन काय किंवा मऊ प्लास्टिक काय, ते मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घातलेलं असतं. हल्लीच्या बहुतेक वाद्यांवर कडक पॉलिश असतं, त्याला त्याचं काही वाटत नाही. पण जुन्या पद्धतीचं लॅकर पॉलिश नाजूक असतं. रेक्झिन त्याला टेकून राहिलं की ते तेल पॉलिशमध्ये उतरतं आणि पॉलिश पाघळतं, पावसाळ्यातल्या गुळासारखं. त्यात आमच्याकडचा उन्हाळा. मग काही बघायलाच नको.

"मग पॉलिशच बदला ना ताई. कडक मारा," वृषाली तेव्हा म्हणाली होती.

"लाकूड पापडाएवढं पातळ आहे. वर जाड थर दिला तर आवाज बसेल. पॉलिश बदलायचं नाही, पट्टा बदलायचा."

आणि मी काही अंदाजपंचे पट्टा दिला नव्हता. आधी कापसाच्या बोळ्याला थिनर लावून, दिसणार नाही अशा जागी टेकवून पाहिलं. पॉलिश लगेच बोळ्याला लागलं, म्हणजे लॅकरच. मग जुन्या पेटीच्या एका फळीवर तसलंच लॅकर मारलं, त्यावर पट्ट्यांचे तुकडे सुतळीनं आवळून बांधले आणि फळी माळ्यावर पत्र्याखाली ठेवून दिली. रेक्झिननं डाग पाडला. रबराची पट्टी लावलेल्या नायलॉननंही पाडला. रंगवलेल्या चामड्यानं रंग सोडला. एकटी पांढरी सुती नवार पास झाली. नवार म्हणजे खाटेला विणतात ती पट्टी. तिचा पट्टा शिवला. लोखंडी बक्कल नाही, कारण त्यानं ओरखडे पडतात. खालचं टोक वाद्याच्या बुडाच्या बटणात अडकवायचं, वरचं टोक दोरीनं मानेला बांधायचं. नवीन भोकसुद्धा पाडलं नाही.

आणि एवढं करून हा डाग!

"राहू दे ताई," वृषाली म्हणाली. "भावानं पोटाला चिमटा काढून घेतलंय. कपाटात ठेवून देते. निदान आहे तेवढं तरी नीट राहील."

"आणि बोटं?"

डावा हात तिनं ओढणीखाली घेतला. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला.

"वाद्य आणि पट्टा दोन्ही इथे ठेव," मी म्हटलं. "कपाटाचं नंतर बघू."

ती गेल्या गेल्या मी मुंबईच्या सप्लायरला फोन लावला.

"शेठ, नवार म्हणून काय पाठवलंत? मिक्स माल आहे."

"मॅडम, प्युअर कॉटन आहे. जाळून बघा."

"बघते. आणि प्लास्टिक निघालं तर तिथे येऊन तुमच्यासमोर जाळीन."

"या, चहा पाजतो," तो हसून म्हणाला.

पट्ट्याचा एक धागा ओढून जाळला. कागद जळल्याचा वास आला आणि राख चिमटीत भुगा झाली. प्लास्टिक असतं तर वितळून गोळी झाली असती. शेठ खरा निघाला. मी उगाच साप साप म्हणून भुई धोपटत होते.

मग मी स्टूल ओढून डागासमोर बसले. गिऱ्हाईक आलं तर "नंतर या" म्हणत होते. पट्टा डागावर धरून पाहिला आणि थबकले. डाग पट्ट्यापेक्षा रुंद होता. दोन्ही बाजूंनी बोटभर जास्त. भिंगातून पाहिलं तर डागाच्या कडेला ओळीनं बारीक टिंबं होती, शिलाई मशीनची टीप असते तशी. माझ्या पट्ट्याच्या कडेला टीप नव्हतीच. आणखी एक गोष्ट तेव्हा डोक्यात आली. महिनाभर पोरांच्या शाळेत वापरलेला पांढरा पट्टा, आणि तो माझ्या दुकानातून गेला तसाच्या तसा शुभ्र! आमच्या भागातल्या लाल मातीत पांढरं कापड दुपारपर्यंत पांढरं राहत नाही.

रविवारी एसटीनं पोलादपूर गाठलं आणि पुढे रिक्षा केली. वाद्य आणि पट्टा बरोबर घेतला होता.

वृषालीच्या सासूबाईंनी दार उघडलं. गाव त्यांना आक्का म्हणतं. "ये बाय, बस. उन्हाची आलीस." मी सोफ्यावर बसले तर सोफा करकरला. सोफ्यावर प्लास्टिक. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिक. टेबलावर जाड पारदर्शक प्लास्टिक. मिक्सरला शिवलेलं कव्हर. भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा पिशवी, आतून काटे फिरताहेत. मी चहा प्यायला सुरुवात केली आणि वृषालीला म्हटलं, "वाद्य घरी ठेवतेस तसं ठेव बघू. अगदी तसंच."

तिनं पट्टा घेतला, खुंटीवर लटकणारी एक लांब पारदर्शक पिशवी काढली आणि पट्टा त्यात सरकवू लागली. पिशवीच्या दोन्ही कडांना मशीनची टीप होती. पिशवीसकट पट्टा तिनं वाद्याच्या पाठीवर गुंडाळला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पट्ट्याचं कव्हर," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं तिलाच कळलं. "अगं बाई... ताई, आमच्याकडे सगळ्यालाच असतं. डोक्यातच नाही आलं!"

"दुकानात आणलास तेव्हा नव्हतं."

"शहरात जाताना काढून न्यायचं," आक्का मध्येच म्हणाल्या. "चारचौघात बरं दिसत नाय. टेबलाचं प्लास्टिक उरलं होतं, मीच शिवलं. पांढरा पट्टा, मळला असता. भावानं परदेशातनं धाडलेली वस्तू हाय."

म्हणजे करायला गेले गणपती आणि झाला मारुती. रेक्झिन टाळायला मी महिना घालवला आणि या घरानं त्याच जातीचं प्लास्टिक वरून चढवलं. मी डाग दाखवला, टिपेचे ठसे दाखवले, तेलाचं सांगितलं. आक्कांनी पिशवी आणि डाग दोन्ही निरखून पाहिलं.

"म्हंजे मीच बिघडवलं म्हन की."

माझं तोंड तिखट आहे, हे सगळ्या बाजारपेठेला माहीत आहे. 'हो' अगदी ओठांवर होतं. पण त्या बाईचा चेहरा एवढासा झाला होता.

"तुम्ही जपायला गेलात आक्का. याला प्लास्टिक चालत नाही, एवढंच."

"मी म्हणत होते ना, ठेवूनच देते," वृषाली म्हणाली. "कशाला सगळ्यांना ताप?"

आक्का एकदम उसळल्या. "ठेवून देतेस? आन हात पन कपाटात ठेवनार हायस काय? भाकरी थापता येत नव्हती तवा चुलीम्होरं बसून रडायचीस, मी बघितलंय गो. आता कुठं बोटं चालायला लागल्यात. वाजव बघू."

वृषालीनं पट्ट्याशिवाय वाजवायला घेतलं. पोरांचं साधं गाणं होतं. अर्ध्यावर मनगट खाली आलं आणि तिनं ओठ चावला. आक्का उठून आत गेल्या. येताना त्यांच्या हातात गोधडी आणि कात्री होती.

"यात माझ्या सासूचं लुगडं हाय," असं म्हणत त्यांनी कडेची शिवण उसवली. विटलेलं मातकट लाल कापड बाहेर आलं. "धुवून धुवून सुटायचा तो रंग सुटून गेलाय. मऊ हाय. आन मळलं तरी दिसनार नाय."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मला पटलं. या घरात पांढरा पट्टा दिला की त्याला कव्हर बसणारच. पट्टा असा हवा की आक्कांना त्याची काळजीच वाटू नये.

"द्या. पण आधी टेस्ट करणार."

"माझ्या सासूच्या लुगड्याची परीक्षा घेतेस?"

"माझ्या नवारीची घेतली, तुमच्या लुगड्याचीही घेणार."

आक्का पहिल्यांदा हसल्या. "घे बाय, घे. पास होतंय बघ."

लुगड्याचा तुकडा ओला करून लॅकर मारलेल्या फळीवर बांधला. ओला अशासाठी की घाम येतो आणि घामात रंग उतरतो. फळी पुन्हा माळ्यावर पत्र्याखाली ठेवली. वृषालीचा मधूनमधून फोन यायचा, "ताई, झालं का?" मी म्हणायचे, "तोवर वाद्य मांडीवर उशीवर टेकवून वाजव, थोडं थोडं. पण वाजव." घाई करून तिसरा डाग पाडायचा नव्हता. शेवटी सुतळी सोडली. फळी चकचकीत होती. आत नवार आणि वर लुगडं असा पट्टा शिवला आणि पोचता केला.

शाळा सुरू झाल्यावर वृषाली दुकानात आली. मी आधी वाद्य पालथं केलं. जुने डाग होते तिथेच होते. ते घासून काढायचे तर पातळ पॉलिश पार निघालं असतं, म्हणून मी ते तसेच ठेवलेत. नवीन डाग मात्र एकही नव्हता. पट्ट्यावर खडूची भुकटी होती, घामाची रेघ होती आणि एका जागी हळदीचा हात लागला होता.

"वाजव," मी म्हटलं.

तिनं पट्टा खांद्यावर घेतला आणि तेच पोरांचं गाणं सुरू केलं. अर्ध्यावर माझं लक्ष तिच्या मनगटाकडे होतं. ते खाली आलं नाही. गाणं शेवटपर्यंत गेलं. मला भरून आलं, म्हणून मी उगाच ड्रॉवरमध्ये स्क्रू शोधत बसले.

"आईंनी विचारलंय, पट्टा फार मळलाय, काय करायचं?"

"त्यांना सांग, धुवा आणि पुन्हा मळवा. रिमोटचं प्लास्टिक काढलं का?"

"सोफ्याचं निघालं. रिमोटला अजून वेळ आहे."

तेव्हापासून कुणी पट्टा मागायला आलं की मी लाकूड बघते, पॉलिश बघते, थिनरचा बोळा टेकवते, आणि शेवटी विचारते, "घरी सोफ्यावर प्लास्टिक आहे का?" लोक हसतात. हसू देत. उत्तर मिळेपर्यंत मी पट्टा देत नाही.