आरती होईस्तोवर फटफटी उभी राहिली तर

माझी फटफटी धावते उत्तम, तिला फक्त उभं राहता येत नाही.

पण गाडी काय उभी करायला घेतात का, असं मी बायकोला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. लष्कराने लिलावात काढलेली, हिरव्या रंगाची, माझ्या जन्माच्याही आधीची गाडी! आवाज असा, की आमच्या बीडच्या गल्लीतली कुत्री पहिल्या दिवशी भुंकली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीत राहायला गेली. तिचा मधला स्टँड लिलावाआधीच कुठल्यातरी आघाडीवर कामी आला असावा. उरला होता एकटा साईड स्टँड, आणि तो आखूड होता. गाडी त्यावर लावली की ती डावीकडे कलायची आणि पडू का नको, असा विचार करत थांबायची. (बहुतेक वेळा पडायची.) मी वेल्डिंगवाल्याकडून स्टँडला लोखंडाचा तुकडा जोडून घेतला, तर तो इतका लांब झाला की डावीकडे पडणारी गाडी उजवीकडे पडायला लागली! तुकडा कापून टाकला, पुन्हा डावीकडे. या खटाटोपात स्प्रिंगही ढिली झाली, ते वेगळंच.

बीडमध्ये ती पडली तर बघतो कोण? पण माझी सासरवाडी चौसाळ्याची. तिथे ती आधी सासूबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडली. मग तुळशीवर पडली. आणि मग थेट सासऱ्यांच्या बाजेवर! सासरे (त्यांना मी मामा म्हणतो) नुकतेच पाणी प्यायला उठले होते म्हणून वाचले. बाज नाही वाचली.

मामा म्हणजे गावातली निम्मी भांडणं ओट्यावर बसून मिटवणारा माणूस. मोडलेल्या बाजेभोवती एक चक्कर मारून त्यांनी निकाल दिला.

"जावईबापू, दसऱ्याला या. गाड्यांच्या पूजेत तुमचं हे धूड बी लावा. आरती होईस्तोवर पडलं न्हाई, तर जन्मभर बाळगा. पडलं, तर भंगारवाला हितूनच उचलून नेईल."

"मामा, एकदम भंगार?"

"कबूल हाय!" हे बायको म्हणाली. रेखाने माझ्या वतीने कबुली द्यायची आमच्याकडे जुनी पद्धत आहे.

"दाजी, भंगारवाला माझ्या वळखीचा हाय," मेहुणा बाळू म्हणाला. त्याने नुकतीच नवीकोरी, चकचकीत मोटारसायकल घेतली होती आणि तिच्या आरशात बघून तो दिवसातून चारदा भांग पाडत होता.

खरं सांगतो, मला दुसरा कुठलाच शौक नाही. ऑफिसात साहेब मला विचारत नाही, घरी मी कुणाला काही विचारायचं नसतं. पण त्या गाडीवर बसलो की मांजरसुंब्याच्या घाटात ट्रकवालेसुद्धा बाजूला होतात. (आवाजाने होतात, पण होतात!) ती भंगारात गेली असती तर मी नुसता कारकून उरलो असतो.

दसऱ्याला आम्ही निघालो. मांजरसुंब्याला ढाब्यावर चहा घेताना गाडी कडुनिंबाला टेकवून ठेवली.

"त्यो निंब बी घ्या संगं," रेखा म्हणाली. "लागंल पूजेत."

चौसाळ्याला पोचलो तर पुढचं संकट अंगणभर पसरलेलं. सणाचं म्हणून मामींनी (म्हणजे सासूबाईंनी) शेणाने अंगण असं सारवलं होतं की त्यात तोंड दिसावं! जमीन ओलीगच्च. ट्रॅक्टर मजेत उभा. बाळूच्या गाडीचा स्टँड चांगला हातभर पसरट, तीही ऐटीत उभी. मी माझी गाडी शेजारी लावली आणि तिचा स्टँड तुपात बोट जावं तसा जमिनीत गेला. त्याच्याखाली काहीतरी सपाट, टणक हवं होतं. पण सारवण्याआधी मामींनी अंगणातला दगड न् दगड उचलला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन पाट्याला हात घातला, तर मामींनी वरवंटा उचलून दाखवला.

मग मला गोठा आठवला. तिथे म्हशीच्या दावणीपाशी शेंगदाण्याच्या पेंडीची चकती होती. थाळीएवढी रुंद, वाजवून बघितली तर दगडासारखी! मी ती हळूच आणली, स्टँडखाली सरकवली, गाडी त्यावर लावली. हात काढला. एक पाऊल मागे सरकलो. गाडी उभी!

त्या आनंदात मी जे बोललो ते बोलायला नको होतं.

"मामा, आरती होऊ द्या सावकाश! मला काही घाई नाही!"

हळदकुंकू झालं, झेंडूच्या माळा घातल्या, मामींनी ताट उचललं. गणपतीची आरती निर्विघ्न पार पडली. मी टाळ्या वाजवत बाळूकडे बघून मिशीला हात लावला. (मिशी नाही मला, पण हात लावला.) देवीची आरती सुरू झाली आणि मला वाटलं, घर थोडं तिरपं दिसतंय. घर सरळ होतं, गाडी कलत होती! पेंड पाण्यात भिजली की फुगून मऊ होते, हे त्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त पाटबंधारे खात्यात कारकुनी करणाऱ्या जावयाला.

मी टाळ्या वाजवतच डावीकडून गाडीला चिकटलो आणि कंबर तिच्या टाकीला लावली. तेवढ्यात मामांची शेळी आली. तिने भिजलेल्या पेंडीचा वास घेतला आणि पंगतीत बसावं तशी खायला लागली. हाकलावं कसं? हात टाळ्यांत, समोर देवी, शेजारी सासरा! शेवटी मी "हाड! हाड!" आरतीच्या चालीत म्हणायला लागलो. रेखाने डोळे वटारले. शेळीने वर बघितलं, पटलं नसावं, आणि उरलेली पेंड संपवली.

आता स्टँड चिखलात आणि सगळं लष्कर माझ्या कमरेवर!

हे नेमकं बाळूने बघितलं. देवीची आरती संपली, मी सुटकेचा श्वास घेतला, तोच तो ओरडला, "आये, शंकराची राहिली की!"

शंकराची झाली.

"दत्ताची बी घ्या! सणासुदीचं कावून कमी करायचं?"

दत्ताची झाली. मग खंडोबाची झाली. मग विठ्ठलाची, तीही सगळ्या कडव्यांसकट! माझे पाय थरथरत होते, घाम नाकावरून झेंडूवर पडत होता, आणि मामी शेजारणीला सांगत होत्या, "बगा, जावयाच्या डोळ्यात पानी आलं. लई भक्ती!"

शेवटची प्रार्थना सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं, की आता सगळे जागच्या जागी फिरणार! हात जोडून स्वतःभोवती एक प्रदक्षिणा. मामा फिरले, मामी फिरल्या, रेखा फिरली, दारात आलेले शेजारी फिरले. मी खांबासारखा उभा.

"जावईबापू, फिरा की!" मामा म्हणाले. "देवापुढं कावून ताठून ऱ्हायलात?"

फिरलो तर गाडी जाणार, नाही फिरलो तर जावई नास्तिक! मी डोळे मिटले आणि फिरलो. गाडीला न सोडता फिरलो! तिचा भार उजव्या कमरेवरून पाठीवर घेतला, पाठीवरून डाव्या कमरेवर, मग पोटावर झेलला, आणि हात जोडलेलेच ठेवून गरकन पुन्हा मूळ जागी! आयुष्यात मी एवढं देखणं काही केलेलं नाही. बाळू माझी फजिती बघायची म्हणून मान माझ्याकडे ठेवून फिरत होता. तो बघतच राहिला, त्याचा तोल गेला आणि तो पाठीवर गेला तो थेट स्वतःच्या नव्याकोऱ्या गाडीवर!

धाडकन आवाज झाला. आरसा फुटला. आरती संपली.

"आबा, ह्ये न्हाई चालायचं!" बाळू चिखलातूनच ओरडला. "दाजींनी गाडी धरली हुती!"

मामांनी उपरणं सारखं केलं. माझं काळीज गाडीच्या इंजिनापेक्षा जोरात वाजत होतं.

"पडू नये, आसं मी म्हनलो हुतो," मामा सावकाश म्हणाले. "धरू नये, आसं म्हनलो हुतो का?"

"न्हाई, पन..."

"गाडी पडली का?"

"दाजींची न्हाई."

"मंग पडली कुनाची?"

पोरंठोरं फिदीफिदी हसायला लागली. मामांनी मानाचा नारळ ट्रॅक्टरला सोडून माझ्या फटफटीच्या चाकापुढे फोडला. रेखाने गाडीला कुंकू लावलं, आणि त्या गाडीकडे बघून ती हसली! लग्नात मला बघून हसली होती त्यापेक्षा जास्त हसली. वीरश्री म्हणतात ती काय असते ते मला तेव्हा कळलं.

मग मंडळी पुरणपोळी खायला आत गेली. विजेता मात्र बाहेरच! मला हलता येत नव्हतं ना! मी दोनदा हाका मारल्या तेव्हा रेखा ताट घेऊन आली.

"सोडू नका बरं," ती घास भरवत म्हणाली. "आता पडली तर आबा निकाल फिरवतील. तुमाला तूप घालू का अजून?"

भर गल्लीसमोर, उभ्याउभ्या, मी चार पोळ्या खाल्ल्या. मग चिखलाने माखलेला बाळू वीट घेऊन आला आणि मुकाट्याने माझ्या स्टँडखाली ठेवून गेला.

गाडी वाचली. तिच्या स्टँडखाली आता कायमची लोखंडी चकती आहे आणि ती ताठ उभी राहते. पुढचा आठवडाभर मीच तेवढा डावीकडे कलून चालत होतो, आणि बाजारात भाजी घेताना रेखा मला आधी भिंतीला टेकवून ठेवायची!