लातूरचा फ्लॅट आणि आमचे दाजी

आमच्या शाळेत कुणी पहिल्यांदा भाड्यानं द्यायला म्हणून फ्लॅट घ्यायचं ठरवलं की त्याला माझ्याकडे पाठवतात. "बाईंना विचार, त्यांचा लातुरात फ्लॅट आहे." तो हसऱ्या तोंडानं येतो. भाडं येतं, किंमत वाढते, म्हातारपणाची सोय होते, एवढंच त्याला ऐकायचं असतं. मी त्याला आधी विचारते, "हा फ्लॅट घे म्हणून तुला कोण सांगून राहिलंय? आणि त्यात त्याचं काय आहे?" बहुतेकांचं हसू तिथंच मावळतं. काहीजण नंतर माझ्याबद्दल वाईट बोलतात, हेही मला माहीत आहे. बोलू देत.

मला हा सल्ला देणारे माझे दाजी होते, माझ्या मोठ्या बहिणीचे मालक. लातुरात त्यांचं सिमेंट आणि सळईचं दुकान आहे. मी आईबरोबर नांदेडला राहते आणि रोज रेल्वेनं उमरीला शाळेत जाते. आमचे वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. प्लॉट घेऊन पक्कं घर बांधणारे आमच्या बौद्ध कुटुंबातले ते पहिले. त्यामुळं घर घेणाऱ्या माणसाबद्दल आईच्या मनात फार आदर, आणि लातुरात दुकान थाटून बंगला बांधणाऱ्या जावयाबद्दल तर विचारूच नका. दाजी आले की ती त्यांच्यासाठी खुर्ची पदरानं पुसायची. मला त्याचा राग यायचा.

एका रविवारी दाजी रंगीत माहितीपत्रक घेऊन आले.

"मॅडम, पगार बँकेत सडू देऊ नका," ते म्हणाले. मी मास्तरीण झाल्यापासून ते मला मॅडमच म्हणायचे, आणि त्यात मान नव्हता. "लातुरात क्लाससाठी सगळ्या महाराष्ट्रातून पोरं येतात. खोली मिळत न्हाई त्यांना. फ्लॅट घ्या, चार पोरं ठेवा. हप्ता भाडेकरू भरतो. तुम्ही फक्त सही करायची."

"कर्ज माझ्या बँकेतून काढू?"

"बँकवाले लई कागद मागतात. माझ्या ओळखीची एक फायनान्स कंपनी हाय. व्याज थोडं जास्त, पण कटकट न्हाई. आणि फ्लॅट आपल्या दोघांच्या नावावर घेऊ."

"दोघांच्या कशाला?"

"एकटी बाई माणूस. उद्या भाडेकरूनं घर सोडलं न्हाई तर कुणाकडं जाणार?"

आई लगेच म्हणाली, "पाव्हणं बरोबर म्हणतेत." हप्ता माझ्या पगारातून, मालकी अर्धी त्यांची, आणि यालाच आधार म्हणायचं. पण फ्लॅट बघून येऊ, एवढं मी कबूल केलं.

लातूरला गेले तेव्हा दाजींबरोबर एक एजंट होता. इमारत नवी, बाहेरून पिवळा रंग, दारावर फुलांची माळ. एजंट सगळं दाजींना सांगत होता. पैसे माझे, कर्ज माझं, पण स्वयंपाकघर किती मोठं आहे हेही तो दाजींनाच दाखवत होता. मध्येच त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडमचं आडनाव?"

मी सांगितलं. त्याचा चेहरा जरासा बदलला.

"मग इथंच बरं," तो म्हणाला. "पुढच्या सोसायटीत पण एक फ्लॅट होता, पण तिथं तुम्हाला करमणार नाही."

"का करमणार नाही?"

"तसं काही नाही, मॅडम. वातावरण वेगळं आहे."

मी दाजींकडे बघितलं. त्यांचं आडनाव वेगळं असलं तरी समाज तर आमचा एकच होता. ते खिडकीची काच सरकवून बघत राहिले, जणू त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. नळानं नुसती फुसफुस केली. न्हाणीघरातलाही कोरडा.

"टाकी धुवायला काढलीय," एजंट म्हणाला. "आता बयाणा देऊन टाका. संध्याकाळी दुसरी पार्टी येणार आहे."

"दुसऱ्या पार्टीला द्या मग," मी म्हणाले. "मी विचार करते."

गाडीत दाजी भडकले. "माझी इज्जत घालवली तुम्ही! त्याला मी शब्द दिला होता."

"माझ्या पगाराचा शब्द तुम्ही कसा दिला?"

त्यांनी गाडी स्टँडकडे वळवली. मला उतरवलं आणि गाडी दामटत निघून गेले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी कुणाला न सांगता एसटीनं लातूरला गेले आणि भर दुपारी त्या इमारतीत शिरले. लिफ्ट बंद. जिन्यात निळ्या ड्रमांची रांग. तिसऱ्या मजल्यावर एक बाई दारात ड्रम धूत होती. मी म्हणाले, "इथं फ्लॅट घ्यायचा विचार आहे, जरा विचारायचं होतं."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "राहायला का भाड्यानं द्यायला?"

"भाड्यानं."

"मग जा इथून," ती म्हणाली. "तुमच्यासारख्यांनीच ह्या बिल्डरला पोसलंय. तुम्ही तुमच्या गावाला बसणार, पोरं भरणार, आणि आमच्या टँकरचं पाणी आम्ही त्यांना वाटून द्यायचं."

मी तिथंच उभी राहिले. रागावलेलं माणूस सहसा खोटं बोलत नाही, हे मला शाळेत समजलेलं आहे. मी विचारलं, "टँकर रोज येतो?"

तेव्हा तिनं सगळं ओकलं. बोअर पहिल्याच उन्हाळ्यात आटलं होतं. महानगरपालिकेकडून भोगवटा प्रमाणपत्र आलेलं नव्हतं, म्हणजे इमारत राहण्यालायक आहे असं कागदावर कुणीच म्हटलं नव्हतं. नळजोडणी त्याच्यावाचून अडलेली. वीज बिल्डरच्या तात्पुरत्या मीटरवर. सोसायटी झालेली नाही, त्यामुळं भांडायचं तर कुणाच्या नावानं, हाही प्रश्न.

"आणि तुम्ही कोणता घेताय?" तिनं विचारलं.

मी वरच्या मजल्यावरचं दार सांगितलं. ती हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

"तो तर सिमेंटवाल्याचा. बिल्डरनं उधारीच्या बदल्यात त्याच्या गळ्यात मारलेला. गिऱ्हाईक शोधून शोधून थकला तो."

मी जिन्यावर बसले. कोण सिमेंटवाला हे विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. तिनं दुकान कुठल्या रस्त्यावर आहे ते सांगितलं.

म्हणजे माझ्या नावावर कर्ज निघणार, ती रक्कम बिल्डरमार्फत दाजींच्या हातात पडणार, त्यांचा अडकलेला पैसा सुटणार. वर फ्लॅटवर अर्धं नाव त्यांचंच राहणार. मी वीस वर्षं हप्ता भरायचा आणि जिन्यात ड्रम लावायचे.

तिथून मी सरळ बहिणीच्या घरी गेले. दाजी जेवायला आले होते. बहिणीनं माझ्यासाठी ताट वाढायला घेतलं. मी म्हणाले, "ताट नको. दाजी, तो फ्लॅट तुमचा हाय का?"

त्यांनी घास खाली ठेवला नाही. "कुणी सांगितलं?"

"हाय का न्हाई?"

"असला म्हणून काय झालं? घरातल्या घरात पैसा फिरला तर बिघडलं काय?"

"माझा फिरणार होता. तुमचा न्हाई."

मला वाटलं बहीण काहीतरी बोलेल. ती बोलली. म्हणाली, "तुला ना लेकरू ना बाळ. एवढा पगार कुणासाठी सांभाळून ठेवलालीस? आमची अडचण तुला दिसत न्हाई?"

तिला ठाऊक होतं. पाण्याचं, कागदाचं, सगळं. लहानपणी आजारी पडले की रात्ररात्र पंखा हलवत बसणारी हीच बहीण. त्या दिवशी बँकेच्या दाराकडे बघावं तसं ती माझ्याकडे बघत होती. मी चपला घातल्या. दाजी मागून ओरडले, "लातुरात तुम्हाला कोण घर देतंय बघतोच मी!"

त्या वाक्यानं मी लातुरातच घ्यायचं ठरवलं. शहाणपणाचं कारण सांगता येईल, पण खरं कारण हे.

नांदेडला पगाराच्या बँकेत गेले. कर्जाच्या टेबलावरची बाई तोंडाची फटकळ होती. "भाडं येईल त्यातून हप्ता भरेन, असं धरून आला असाल तर उठा," ती म्हणाली. "परीक्षा झाल्या की मे महिन्यात पोरं गावाला जातात. घर रिकामं, हप्ता चालू. घर रिकामं धरून हप्ता झेपतो का सांगा." मी पगाराची पावती पुढं केली. तिनं मी मागितलं त्यापेक्षा कमीच मंजूर केलं. फायनान्स कंपनी सगळं द्यायला तयार होती. मला त्या फटकळ बाईचा राग आला, पण तिच्यावर विश्वासही बसला.

वकील मी स्वतः शोधला, कुणाच्या ओळखीचा नाही. फ्लॅट शोधायला महिने गेले. दोन ठिकाणी आडनाव सांगितल्यावर फ्लॅट अचानक विकला गेलेला निघाला. शेवटी मुलाकडे पुण्याला चाललेल्या एका निवृत्त जोडप्याचा जुना फ्लॅट मिळाला. रंग उडालेला, फरशी एके ठिकाणी फुटलेली, पण भोगवटा प्रमाणपत्र होतं, सोसायटी होती, आणि मी ज्या ज्या वेळी गेले त्या त्या वेळी नळाला पाणी होतं.

सोसायटीचा सेक्रेटरी मात्र दारातच आडवा आला. "भाडेकरू कोण ठेवणार?"

"शिकणाऱ्या मुली."

"कुठल्या? म्हणजे कोणत्या लोकांतल्या?"

"अभ्यास करणाऱ्या लोकांतल्या," मी म्हणाले. "तुमच्या नियमात आणखी काही लिहिलेलं असेल तर तसं सहीनिशी द्या."

त्यानं दिलं नाही. पण वर्षभर माझ्या मुलींच्या चपलांवरून, कपड्यांच्या दोरीवरून, हसण्यावरून तक्रारी केल्या. मी दरवेळी लातूरला जाऊन त्याच्याशी भांडून आले. बँकेतली बाई म्हणाली तसंच झालं: मे महिन्यात घर रिकामं झालं, आणि जून सरत आला तरी तसंच राहिलं. ते हप्ते मी पगारातून भरले. त्या उन्हाळ्यात आईचे दात बसवायचे होते, ते पुढं ढकलले. आई म्हणाली, "पाव्हण्याचं ऐकलं असतं तर." मी जेवणावरून उठून गेले. आता मुली टिकतात, भाडं येतं, घर चांगलं चाललंय. बहीण नांदेडला येते ती मी शाळेत असताना. मी घरी पोचते तेव्हा ओट्यावर तिनं आणलेली धपाटी असतात. आई ती खाते. मी खात नाही.

दाजींचा फ्लॅट पुढं हिमायतनगरच्या एका तरुण क्लार्कनं घ्यायचं ठरवलं. मला आईच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. मी त्याचा नंबर मिळवला, पाण्याचं आणि भोगवट्याचं सांगितलं. तो उखडला. "तुमच्या घरातल्या भांडणात मला ओढू नका. तुमच्या दाजींनी सांगितलंच होतं, तुम्ही फोन कराल म्हणून."

गेल्या आठवड्यात त्याचाच फोन आला. आवाज चढलेला. "तुम्हाला सगळं माहीत होतं, तर जोर देऊन का नाही सांगितलं? भाडेकरू पंधरा दिवसांत पळाले. हप्ता चालूच आहे."

मला हसू आलं नाही. मी म्हणाले, "ओरडून झालं असेल तर ऐका. इमारतीतले सगळे मिळून ग्राहक मंचात जा. तो फ्लॅट आधी मला कसा विकायला काढला होता, ते मी येऊन सांगेन."

तो म्हणाला, "तुम्ही तुमच्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याविरुद्ध याल?"

"तारीख कळवा," मी म्हणाले.