अडतिसाव्या पानावरची सूचना

इथे वाचक पाठवतात ते अघटित अनुभव मी दोन वर्षं वाचते आहे, लिहिते आहे मात्र पहिल्यांदाच. आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि खरं बोलायचं तर लिहिणाऱ्यांवरही नव्हता. कुणी लिहायचं, रस्त्यात बाई दिसली, वळून पाहिलं तर कुणीच नाही... मी मनात म्हणायची, वळायला किती वेळ लागला ते लिहायचं राहिलंय. माझा धंदाच तो आहे. चेन्नईतल्या एका संरक्षण कारखान्यात गेली एकोणीस वर्षं मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासते. कुठल्या पानावर कुठली पायरी सुटली आहे, हे मला सहसा पहिल्याच वाचनात कळतं. बढाई म्हणून नाही, पुढचं नीट समजावं म्हणून सांगते.

आमची तपासायची एक पद्धत आहे. ओळ वाचली, समजली, की समासात त्या ओळीसमोर पेन्सिलनं टिक करायची. समजली नाही तर टिक नाही. मग एकानं पुस्तिका हातात घ्यायची आणि जे लिहिलंय तेवढंच करायचं, आपल्या अकलेचं काही घालायचं नाही. ‘झाकण काढा’ असं लिहिलं नसेल तर झाकणावरच तेल ओतायचं. मी एकदा ओतलंय. साडी गेली, पुस्तिका सुधारली.

मी मूळची नाशिकची, सासर तंजावरी मराठी. आम्ही वेस्ट मांबलमला दुसऱ्या मजल्यावर राहतो, स्टेशनपासून चालत सात मिनिटं. नवरा बँकेच्या बदलीमुळे कोइम्बतूरला असतो, पंधरा दिवसांनी येतो. घरात मी, सासरे आणि मुलगी. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो, मुक्ता ताता म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, रेल्वेत तिकीट तपासनीस होते. ही मुक्ता, माझी मुलगी, सोळा वर्षांची, अकरावी झालेली.

मुक्ता जानेवारीपासून गप्प झाली होती. आधी मैत्रिणींचे फोन बंद झाले, मग चित्रं काढणं, मग टेबलावर जेवायला येणं. ताट खोलीत न्यायची आणि अर्धं परत आणायची. काय झालं विचारलं की तमिळमध्ये एकच उत्तर, “ओण्णुम इल्ल.” काही नाही. चार महिने मी रोज विचारत होते. अभ्यासाचा ताण आहे का, कुणी काही बोललं का, क्लास बदलायचा का, झोप होत नाही ना, मोबाइल बाजूला ठेव म्हणजे होईल... मला भीती वाटत होती, पण कशाची ते कळत नव्हतं.

मे महिन्यात मला आठवलं की तिनं वर्षभरापूर्वी एक पुस्तक मागितलं होतं. टेबलाभोवती बसून खेळायच्या कल्पित साहसांच्या खेळाचं नियमपुस्तक, नवशिक्यांसाठीचं. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार. एकानं सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची, अडेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. तेव्हा मी ‘परीक्षेनंतर बघू’ म्हणाले होते. आता न विचारताच मागवलं. (नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको.)

शनिवारी दुपारी मी पेन्सिल घेऊन ते इंग्रजी पुस्तक वाचायला बसले. मुखपृष्ठावरच्या ड्रॅगनचं पोट बिघडलेलं दिसत होतं, त्यामुळे फार अपेक्षा नव्हती. पण काय सांगू, पुस्तक फार चांगलं निघालं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत, ‘याआधी कधी खेळला नसाल तर इथून सुरुवात करा.’ कुठला फासा कधी टाकायचा हे फासा लागायच्या आधी सांगितलेलं. प्रत्येक नवा शब्द जिथे पहिल्यांदा येतो तिथेच त्याचा अर्थ. पात्राची माहिती कशी भरायची, तर एक भरलेला नमुनाच दिलेला. शेवटी खेळायला तयार असं एक छोटं साहस. चूक सापडली ती एकच. जखमेचा नियम बाविसाव्या पानावर, पण वापरलाय एकोणिसाव्यावर. आमच्याकडच्या निम्म्या पुस्तिका अशा असत्या तर माझी एकोणीस वर्षं जरा सुखात गेली असती.

अडतिसाव्या पानावर सामानाचा नियम होता. प्रवासात पात्राच्या झोळीत काय काय मावतं, दोर, मशाल, पाण्याची पखाल वगैरे. त्याखाली सूत्रधारासाठी तीन ओळींची सूचना होती. मराठीत सांगायची तर अशी: ‘खेळाडू गप्प झाला तर फासा टाकू नका. त्याला विचारा, तुझ्या झोळीत असं काय आहे, जे तू अजून कुणाला दाखवलेलं नाहीस? उत्तर येईपर्यंत पुढे काहीही बोलू नका.’ मला सूचना आवडली. काय करायचं, काय नाही आणि कुठवर, तिन्ही गोष्टी स्वच्छ. तीन ओळींना तीन टिका केल्या आणि पान उलटलं.

रविवारी दुपारी तीनला आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. मुक्ता आली ती केवळ अप्पांनी हाताला धरून आणली म्हणून. अप्पांनी चोराचं पात्र घेतलं.

“जन्मभर चोरांना उतरविलों गाडींतून,” ते म्हणाले. “आतां मी एकदां होऊन बघतों.”

मुक्तानं पुस्तकातली वैद्यबाई घेतली, कारण ते पान उघडं होतं. मी सूत्रधार. जंगल, मग नदी, नदीवर पूल आणि पुलावर राक्षस. अप्पांनी राक्षसाला मुरुक्कूची, म्हणजे आपल्या चकलीची, लाच देऊ केली. फासा टाकला, वीस पडले, राक्षसानं मुरुक्कू खाल्ला. मुक्ता हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी पुढचा परिच्छेद वाचला, पूल एका वेळी एकालाच ओलांडता येतो, पहिलं कोण जाणार? मुक्तानं फाशाकडे बघितलं आणि ती एकदम गप्प झाली. चेहरा पुन्हा तसाच.

मी नेहमीची मी असते तर लगेच काहीतरी बोलले असते. पण हातात पुस्तक होतं. अडतिसावं पान काढलं आणि जे लिहिलं होतं ते केलं. “तुझ्या झोळीत असं काय आहे, जे तू अजून कुणाला दाखवलेलं नाहीस?”

अप्पांनी मान वर केली. “हे पुस्तकांत आहे, की तूच विचारत्येस?”

बोलायचं नाही असं लिहिलेलं. मी पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं आणि त्या तीन ओळींवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून, ओठ हलवत, तिन्ही ओळी वाचल्या. मग तेही हात मांडीवर ठेवून गप्प बसले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. माझ्या कॉफीवर साय धरली. खाली इस्त्रीवाल्याशी कुणीतरी भांडलं आणि ते भांडण मिटलंही. बोलायला तोंड उघडत होतं, मी दाबून धरत होते.

“एक चिठ्ठी आहे,” मुक्ता म्हणाली.

मी वैद्यबाईच्या सामानात ते लिहायला पेन्सिल उचलली.

“वैद्यबाईकडे नाही, आई. माझ्या सॅकमध्ये.”

तिनं स्वतः उठून ती आणून दिली. चिठ्ठीत काय होतं ते इथे लिहिणार नाही. सोमवारची तारीख घातलेली होती, आणि ज्यांच्यासाठी लिहिली होती त्यांच्या हाती ती पडेल तेव्हा मुक्ता या जगात नसणार होती. एवढं पुरे. अप्पांनी तिला जवळ घेतलं. “अस्की सांग कन्ना, सावकाश सांग,” एवढंच म्हणत राहिले. तिनं अस्की, सगळं सांगितलं. संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही तिला घेऊन डॉक्टरांकडे होतो आणि नवरा कोइम्बतूरहून निघाला होता. आपल्या हातात एक दिवस उरला होता, या विचारानं नंतर किती तरी रात्री मी उठून तिच्या खोलीत डोकावून यायची.

आता ती बरी होते आहे. औषध चालू आहे, समुपदेशक बाईंकडे आठवड्यातून दोनदा जाते, पुन्हा चित्रं काढते.

तीन आठवड्यांनी मी प्रकाशकांना आभाराचं पत्र लिहायला बसले. सूचना शब्दशः उतरवावी म्हणून अडतिसावं पान उघडलं. सामानाची यादी होती. दोर होता, मशाल होती, पखाल होती. त्याखाली कोरा कागद, दोन बोटं रुंद. आणि त्या कोऱ्या जागेसमोर, समासात, एकाखाली एक माझ्या पेन्सिलच्या तीन टिका.

मी घाबरले नाही, कामाला लागले. सगळं पुस्तक तीनदा मोठ्यानं वाचलं. पान भिंगाखाली धरलं, खोडल्याची, चिकटवल्याची खूण नाही. दुसरी प्रत मागवली, तीही तशीच. प्रकाशकांना विचारलं. त्यांचं उत्तर आलं की असा मजकूर कुठल्याही आवृत्तीत नव्हता, पण कल्पना छान आहे, पुढे वापरली तर चालेल का! ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, तुझ्या मनाला आतून माहीत असणार, मनानंच ओळी रचल्या. मी तिला म्हटलं, माझ्या मनाला माहीत असतं तर ते चार महिने काय करत बसलं होतं? आणि माझ्या मनानं रचलेल्या ओळी अप्पांनी चष्मा लावून कशा वाचल्या?

अप्पांना विचारलं. त्यांना यात काही विशेषच वाटत नाही.

“होतं तितं. वाचलों. काम झालं. आतां कशाला तपासत्येस?”

मुक्ताला विचारलं तेव्हा तिनं जरा विचार केला. “पुस्तकात होतं की नव्हतं, मला नाही माहीत. पण त्या दिवशी तू प्रश्न विचारून थांबलीस. एरवी तू विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस.”

हे मला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. मी चुकीचं वाचलं, असं मी म्हणणार नाही, कारण मी चुकीचं वाचलेलं नाही. तीन ओळी तिथे होत्या. कुणी लिहिल्या आणि कुठे गेल्या, मला माहीत नाही. कुणाला सुचलं तर जरूर सांगा, मात्र ‘भास’ म्हणणाऱ्यांनी आधी त्या टिकांचं काय करायचं ते सांगावं.

इथवरचं लिहून काल मुक्ताला वाचायला दिलं. तिच्या परवानगीशिवाय पाठवणार नव्हते. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, ओळीखाली बोट धरून शेवटपर्यंत वाचलं.

“सरि, पाठव,” ती म्हणाली. मग पान परत देताना म्हणाली, “एक चुकलंय. एक दिवस उरला नव्हता. तारीख सोमवारची घातली, कारण चिठ्ठी तुम्हाला तेव्हा सापडली असती. मी त्या रविवारचंच ठरवलं होतं. संध्याकाळी तू आणि ताता नेहमीसारखे देवळात गेल्यावर.”

माझ्या तोंडाशी दहा प्रश्न आले. तिचं सांगून संपलंय का, ते बघत मी थांबले.