कापणीच्या सणाचा कोंबडा

प्रार्थनेत माझं मन टिकत नाही हे बायकोला लग्नानंतर कळलं, मला स्वतःला मोबाईल आल्यावर. प्रभूची प्रार्थना मी तोंडाने पूर्ण म्हणतो. मन मात्र अर्ध्यावर उठून कुणाचा मेसेज आला ते बघायला जातं. पन्नाशीत याची खंत वाटू लागली. एकदा तरी ती प्रार्थना शेवटच्या आमेनपर्यंत मनापासून व्हावी, एवढीच इच्छा होती.

तळोद्याकडच्या आमच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला लोक आपलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात. मिरची, पपई, ज्वारी; डोंगरातले लोक भगर आणि कोंबड्या. उपासना झाली की या सगळ्याचा लिलाव, मग शेवटची प्रार्थना, मग जेवण. बोली लावायची तर हात वर करायचा, अशी रीत. गेल्या वर्षी पुण्यातल्या मुलीला हे सगळं व्हिडिओ कॉलवर दाखवायचं काम मी अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्यांची डोकी आड येऊ लागली तसा मी मोबाईलचा हात उंच केला. लिलाव माझे थोरले मेहुणे करत होते. ते माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो आणि हात आणखी वर नेला.

“दाजी, कोंबडा तुमना शे,” ते म्हणाले.

“अहो, मी शूटिंग करतोय.”

“हात तर तुमनाच वर शे.”

बायको कानाशी म्हणाली, “घ्या आता. एरवी बाजारात भाव करता करता दुपार होते तुमची.”

माझ्या हातात दिलेल्या कोंबड्याच्या पायाची दोरी सुटत आली होती. तेवढ्यात पाळकसाहेब प्रभूच्या प्रार्थनेला उभे राहिले. मी मोबाईल खिशात कोंबला आणि कोंबडा दोन्ही हातांनी छातीशी धरला. खिसा थरथरू लागला. पण एक हात जरी काढला असता तरी कोंबडा थेट वेदीवर गेला असता. त्याचं काळीज माझ्या तळव्याखाली धडधडत होतं. हळूहळू तो शांत झाला, मीही झालो. रोजची भाकर मागायच्या ओळीपाशी आलो तेव्हा पुढ्यातली ज्वारी आठवली, क्षमेच्या ओळीपाशी मेहुणे. त्यांना तिथल्या तिथे क्षमा करून टाकली. आमेन म्हटलं तेव्हा मी तिथेच होतो, सगळाच्या सगळा.

जेवताना मुलीचा फोन आला. “बाबा, प्रार्थनेच्या वेळीच कॉल कट झाला. मी परत परत लावत होते.”

“तुझी तू करायची ना तिथे. मी माझी करत होतो.”

 ती म्हणाली, “आईकडे द्या फोन. तुमची तब्येत बरी आहे ना, विचारते.”